मामाचा सरफेस ग्राइंडर: नवा की जुना, आणि भिंतीपलीकडचे माग

पार्श्वभूमी

माझा मामा सोलापुरातला. नाव देत नाही, एक-दोन खुणा पण बदलल्यात, बाकी जे झालं ते तसंच्या तसं लिहितोय. आयटीआयला मशिनिस्ट केलं, मग पुढची सगळी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये (साचे, हत्यारं बनवायचा कारखाना), आणि रिटायर झाल्यावर दोन महिने घरात बसून मामीचं डोकं खाल्लं, शेवटी मामीनंच सांगितलं की ते मागचं शेड रिकामं करा आणि तिथं बसा. शेड म्हणजे बारा बाय अठरा, वर पत्रा. त्यात सहा फुटी लेथ, एक पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर आणि एक बीडाची (कास्ट आयर्न) सरफेस प्लेट, म्हणजे सपाटपणा तपासायची एकदम सपाट लाद, जिच्यावर मामा कुणाला चहाचा कप ठेवू देत नाही. घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढं, त्यामुळं शेडच्या एका भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना आहे हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. ही भिंत लक्षात ठेवा.

काम काय येतं तर छोट्या प्रेस टूलचे पंच आणि डाय (पत्रा कापायचे साचे), धार गेली की तोंडावरून घासून परत धार आणायची. शिवाय पॅरलल, व्ही ब्लॉक असले जॉब टेकवायचे ठोकळे, मागाच्या कसल्या कसल्या पट्ट्या. हे सगळं घासायला सरफेस ग्राइंडर लागतो, म्हणजे फिरत्या दगडी चाकाखाली (व्हील) टेबल पुढं-मागं सरकवून जॉब सपाट घासणारं मशीन. त्यासाठी मामा जुन्या ओळखीवर एमआयडीसीत जायचा. तिथं आधी कंपनीचं काम, मग ह्याचा नंबर, म्हणजे दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस. महिन्याला पाच-सहा हजार तिकडं जायचे ते वेगळंच.

अडचण

जानेवारीत गड्ड्याची यात्रा संपली आणि मामानं जाहीर केलं, ग्राइंडर घ्यायचा. बजेट सव्वा लाख. घरात करंट सिंगल फेज. दार साडेतीन फुटाचं, गल्लीत पिकअप जेमतेम शिरतो. लागणारी साइज साधारण सहा बाय अठरा इंच, म्हणजे टेबलावर १५० बाय ४५० मिमीचा चक (जॉब धरून ठेवणारी चुंबकी पाटी), आणि खरं सांगायचं तर मामाचे नव्वद टक्के जॉब वीतभर पण नसतात.

अचूकता किती पाहिजे असं मी विचारलं तर म्हणाला, "पाच मायक्रॉनच्या आत पॅरलल आला की माझं काम झालं, मला काय रॉकेट नाही बनवायचं लगा." मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मग चार महिने एकच चर्चा, नवा घ्यायचा का जुना. ह्या प्रकरणातली पहिली गडबड इथंच झाली असं मला आज वाटतं, कारण सगळं डोकं मशीनमध्ये अडकलं आणि ते मशीन जिथं उभं राहणार ती जागा कुणी बघितलीच नाही.

पर्याय पहिला: नवा कोरा

राजकोटकडच्या एका मेकरचं हातानं चालवायचं मशीन, पुण्यातल्या डीलरकडं. कोटेशन १,८५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१८,३००. भाडं वेगळं, चक वेगळा. बजेट तिथंच फाटलं, पण मामा म्हणाला बघून तर येऊ, कर्ज काढायचं का नाही ते नंतर.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो, मामीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती ती भिगवण यायच्या आत संपली. डीलरकडं मशीन छान चकचकीत उभं. मामानं पिशवीतनं डायल (मायक्रॉनमधली हालचाल दाखवणारं काट्याचं माप) काढला तसा तिथल्या पोराचा चेहरा पडला. मशीन चालू करून दाखवा म्हणलं तर इथं थ्री फेज जोडलेलं नाही म्हणे. टेस्ट चार्ट, म्हणजे मशीन किती अचूक भरलं त्याचा कागद, मागितला. झेरॉक्स दिली. मामानं चष्मा लावून वाचली आणि विचारलं, ह्यावर मशीनचा नंबर कुठाय? नंबराची जागा कोरी. म्हणजे जे मशीन विकेल त्याच्यासोबत हाच कागद जाणार.

परत येताना मामानं मला बीड समजावलं. ओतीव बीड थंड झालं तरी आत ताण राहतो. एक तर ते भट्टीत घालून ताण काढायचा, नाहीतर महिनोन् महिने उघड्यावर पडू द्यायचं आणि मग मशिनिंग करायचं. घाई केली तर आज सरळ घासलेला बेड वर्षभरात हळूच वाकतो. "लोणचं कसं मुरावं लागतं तसं बीड मुरावं लागतं, आणि ह्यानी किती मुरवलंय ते मला कोण सांगणार?" नवं म्हणजे वाईट असं त्याचं म्हणणं नव्हतं हां. चांगला मेकर स्वतःच्या नंबराचा चार्ट देतो, चालवून दाखवतो, तिथं नवं घ्यावं. पण तसलं मशीन आपल्या खिशात बसत नव्हतं आणि जे बसवता आलं असतं ते तपासू देत नव्हते.

पर्याय दुसरा: भोसरीचा हायड्रॉलिक

त्याच दिवशी भोसरीत एका जुन्या मशीनवाल्याकडं गेलो. हायड्रॉलिक टेबल, आपोआप पुढं-मागं, हिरवागार ताजा रंग, १,४०,००० सांगितले, बसल्या बैठकीत सव्वा लाखावर आला. मी खूश. इतकं मोठं मशीन ह्या पैशात!

मामानं रंगाकडं बघितलंच नाही. टेबल एका टोकाला ढकललं आणि खालच्या रुळावरनं नख फिरवलं. नख तीन ठिकाणी अडकलं. मग त्यानं जे केलं ते मला फार आवडलं. व्हील धरणाऱ्या हेडखाली डायल लावला आणि खाली उतरवायचं चाक पाच-पाच मायक्रॉननं फिरवायला लागला. एक रेघ, डायल हलला नाही. दुसरी रेघ, नाही. तिसरी, चौथी, नाही. पाचव्या-सहाव्याला हेड एकदम धपकन तीस मायक्रॉन खाली आलं. असलं मशीन जॉबवर वापरलं तर तुम्ही हळूच पाच मायक्रॉनचा कट देताय असं समजणार आणि व्हील एकदम तीस खाऊन जॉब जाळणार, किंवा जॉबच चकावरून उडणार. मामानं डायल पुसला, डबीत ठेवला, "बघतो, कळवतो" म्हणाला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, रंगाचे पैसे मागत होता बे.

शिवाय वजन सव्वा टनाच्या आसपास, गल्लीत आणायचं कसं, हायड्रॉलिकला वेगळी मोटर, तेलाची टाकी, तेल गरम होतं, गळतं. वीतभर जॉबला हे कशाला, असा प्रश्न तिथं जायच्या आधीच विचारायला पाहिजे होता. पण जुन्या मशीनच्या गोडाऊनात माणसाचं तसं होतंच, सगळंच घ्यावं वाटतं.

पर्याय तिसरा: बंद होणारी टूलरूम

हा आपल्याच एमआयडीसीत निघाला. एक टूलरूम बंद होत होती, मालकाचा मुलगा बेंगळुरूला, इथं बघायला कोण नाही. हातानं चालवायचा, सहा बाय अठरा, १९८० च्या दशकातला, कळकट, रंग उडालेला. मामा आयुष्याचा बराच काळ सिकंदराबादच्या प्रागा टूल्सच्या मशीनवर उभा राहिलेला, त्यामुळं त्याच्या डोक्यात प्रागाच होती. ही ती नव्हती, पण जोडलेली होती, बटण दाबलं की फिरत होती आणि मालक म्हणाला पाहिजे तेवढा वेळ घ्या. मामाच्या दृष्टीनं हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

अर्धा दिवस घेतला. स्पिंडलवर (व्हील फिरवणारा दांडा) डायल लावून हातानं फिरवलं, काटा तीन मायक्रॉन हलला. अर्धा तास चालू ठेवून बेअरिंगच्या जागी तळवा ठेवला, कोमट, भाजत नव्हता. हेडची भोसरीवाली परीक्षा घेतली, जेवढं फिरवलं तेवढं उतरलं. रुळावर ओरखडे होते पण नख अडकत नव्हतं.

मग शेवटची परीक्षा. चक आधी त्याच मशीनवर हलका घासून घेतला, मग एकसारखे पाच तुकडे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, एकाच सेटिंगवर घासले, स्पार्क पूर्ण संपेपर्यंत फिरवले, थंड होऊ दिले आणि मायक्रोमीटर लावला. पाचही तुकडे चार मायक्रॉनच्या आत. मामानं माझ्याकडं बघून मान डोलावली. ८५,००० सांगितले होते, ७२,००० ला ठरलं. सोबत दोन पेट्या भरून जुनी व्हीलं फुकट.

ह्या परीक्षेत एक भोक आहे. ते पुढं सांगतो.

आणणं आणि जोडणं

मशीन सातशे किलोच्या घरात. एमआयडीसीत हायड्रा क्रेननं पिकअपमध्ये चढवलं, गल्लीच्या तोंडाशी उतरवलं, तिथनं पुढं लोखंडी पाइपांवर आणि पहारीवर. अर्धी गल्ली मदतीला आणि उरलेली अर्धी सल्ला द्यायला. सगळे मिळून साडेसहा हजार गेले.

करंटचा निर्णय जरा डोकं लावून घेतला. महावितरणकडनं थ्री फेज घ्यायचं तर कागद, डिपॉझिट, वेगळा दर. मोटर एकच, एक एचपी. त्यापेक्षा सिंगल फेज आत आणि थ्री फेज बाहेर देणारा व्हीएफडी (त्यावर हर्ट्झ बदलून मोटरचा वेग पण बदलता येतो) बसवायचा ठरलं. फक्त एक मेख आहे, जी बऱ्याच जणांना मोटर जळल्यावर कळते. सिंगल फेजवरचा व्हीएफडी आउटपुटला पण २३० व्होल्टच देतो. आपल्याकडच्या छोट्या मोटरी ४१५ ला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्याच डेल्टामध्ये जोडल्या की २३० वर पूर्ण ताकदीनं चालतात. पण त्यासाठी डबीत सहा वायरी बाहेर यायला पाहिजेत. आम्ही डबी उघडली तर तीनच. स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्येच बांधलेली. वाइंडिंगवाल्यानं मोटर उघडून गाठ सोडली, सहा टोकं बाहेर काढून दिली, १,२०० घेतले. खरेदीच्या वेळी डबीचे चार स्क्रू सोडून बघितलं असतं तर हे आधीच कळलं असतं आणि किमतीत हजार-पाचशे कमी मागता आले असते.

दुसरी गोष्ट, व्हीएफडीवर ५० हर्ट्झच्या वर जायला मामानं कुलूप घातलं. दोनशे मिमीचं व्हील २,८०० आरपीएमला कडेला सेकंदाला २९ मीटर पळतं. व्हीलवर ३३ मीटरची मर्यादा छापलेली. मी गंमत म्हणून ६० हर्ट्झ लावून बघू म्हणलं. तेव्हा त्यानं कागदावर हिशोब करून दाखवला, ३,३६० आरपीएम, ३५ मीटर. व्हील फुटलं तर तुकडा कुठं जाईल ते विचारू नकोस म्हणाला.

फुकटच्या व्हीलांचं पण तेच. मामा एकेक व्हील भोकात बोट घालून धरायचा आणि लाकडी मुठीनं टिचकी मारायचा. चांगलं व्हील टण्ण वाजतं, चीर असलं तर मातीच्या फुटक्या मडक्यासारखं थड्ड करतं. दोन थड्ड निघाली. ती नुसती बाजूला नाही ठेवली, हातोड्यानं फोडून टाकली, पुन्हा कुणाच्या हातात जायला नको म्हणून. नवी तीन आणली, ४६ ग्रिटची पांढरी, आणि व्हीलचं तोंड घासून सरळ करायला, म्हणजे ड्रेस करायला, एक डायमंड.

लेथ शेजारीच असल्यानं मधे जाड प्लॅस्टिकचा पडदा टांगला. ग्राइंडिंगची धूळ लेथच्या बेडवर पडली की ती तेलात मिसळून पॉलिश पेपरचंच काम करते. मामीची तक्रार वेगळी होती, तिच्या दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची, म्हणून शेडची मागची खिडकी कायमची बंद.

पहिला धक्का: लांब पट्टी

मे-जूनमध्ये छोटे जॉब मस्त निघाले. मग एकानं ४०० मिमी लांबीची पट्टी आणली. दोन्ही बाजू घासल्या, जाडी सगळीकडं एकसारखी, मामा खूश. पट्टी सरफेस प्लेटवर ठेवली आणि टोकाला बोट लावलं. डुलली. डायल लावून बघितलं, टोकाला वीस मायक्रॉन उचललेली.

मामा पाच मिनिटं काही बोलला नाही. मग कपाळावर हात मारला. "आपण चक त्याच मशीनवर घासला होता ना बे!"

तर भोक हे. टेबलाचे रूळ झिजलेले असले की टेबल टोकाला गेल्यावर बाहेर लटकणारी बाजू किंचित झुकते आणि दुसरी बाजू व्हीलखाली वर येते. म्हणजे टेबल सरळ न पळता किंचित कमानीत पळतं. त्याच मशीनवर चक घासला की तीच कमान चकात उतरते. मग चकावर ठेवलेले छोटे तुकडे त्याच कमानीला समांतर घासले जातात आणि पाचही सारख्या जाडीचे निघतात. पाच तुकड्यांच्या परीक्षेत हेड, स्पिंडल, चकाची बैठक हे सगळं कळतं, रूळ किती वाकलेत तेवढंच लपतं. त्याला लांब पट्टीच पाहिजे. घासायची आणि सरफेस प्लेटवर डुलवून बघायची. टूलरूममध्ये सरफेस प्लेट दहा फुटांवर होती. मामाला हे माहीत नव्हतं असं नाही, पण चार मायक्रॉन बघून माणूस हुरळतो.

आता काय? स्क्रेपिंग करणारा, म्हणजे हातानं खरवडून रूळ परत सरळ करणारा कारागीर पुण्याहून बोलवायचा, त्यानं फोनवर ३५,००० चा अंदाज दिला, म्हणजे मशीनच्या निम्मे. परत विकायचं, पण कुणाला, सगळं सांगून विकलं तर साठ पण नाही येणार. किंवा तसंच वापरायचं. मामानं तिसरं धरलं, आणि ते हट्टानं नाही, हिशोबानं. कमानीचा फुगवटा लांबीच्या वर्गानं कमी होतो. ४०० मिमीत वीस मायक्रॉन, तर दीडशे मिमीत जेमतेम तीन. त्याचे नव्वद टक्के जॉब त्याच्या आत बसतात. लांब पट्टी आली की तो आता सरळ सांगतो, हे माझ्याकडं नाही होणार. मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो मशीन घेतल्यावर झाला.

दुसरा धक्का: सावल्या

जुलैत एक गिऱ्हाईक पंच परत घेऊन आला. माप बरोबर, धार बरोबर, पण म्हणाला, "मामा, ह्याच्यावर सावली दिसते बघा." उजेडात तिरका धरला तर खरंच, पट्टे. बारीक रेघा आणि त्यावर रुंद, ढगासारख्या छटा. डायलला एक-दीड मायक्रॉनच्या वर लागत नव्हतं, पण डोळ्याला दिसत होतं.

मी लगेच म्हणलं बेअरिंग गेलं. मामा म्हणाला थांब, आधी पट्टी घे. बारीक रेघांमधलं अंतर साडेतीन-चार मिमी. व्हील सेकंदाला सत्तेचाळीस वेळा फिरतं, हातानं टेबल सेकंदाला सोळा-सतरा सेंटिमीटर ढकललं जातं, भागाकार केला की साडेतीन मिमी येतात. म्हणजे दर फेऱ्याला एक रेघ, म्हणजे व्हीलचा बॅलन्स. व्हील काढून बॅलन्स केलं, डायमंडनं परत ड्रेस केलं, बारीक रेघा गेल्या.

रुंद छटा तशाच. त्यांच्यातलं अंतर सात-आठ सेंटिमीटर. टेबल हळू ढकललं की पट्टे जवळ यायचे, जोरात ढकललं की लांब जायचे. म्हणजे काहीतरी ठरलेल्या वेळानं ठोकतंय, सेकंदाला साधारण दोनदा, आणि मशीनमध्ये सेकंदाला दोनदा फिरणारं काहीच नाही. शिवाय पट्टे कधी ठसठशीत यायचे, कधी दहा मिनिटं गायब. महिनाभर आम्ही बेल्ट बदलला, मोटरखाली रबर घातलं, पायाचे बोल्ट आवळले, सैल केले. काही नाही.

मग नारळी पौर्णिमा आली. पूर्व भागात त्या दिवशी मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव असतो, सगळे माग बंद. मामीनं नारळीभात केला होता, मी जेवायला गेलेलो. जेवण झाल्यावर मामाला राहवेना, एक उरलेला पंच चकावर ठेवला आणि घासला. उजेडात धरला. आरसा. एक पट्टा नाही.

मामा पंच हातात धरून तसाच उभा, आणि भिंतीकडं बघत. कारखाना शांत होता. तीस-चाळीस वर्षं त्या आवाजात राहिल्यावर तो ऐकू येणंच बंद झालेलं.

दुसऱ्या दिवशी माग चालू झाल्यावर मामानं स्वयंपाकघरातनं स्टीलची वाटी आणली, काठोकाठ पाणी भरलं आणि मशीनच्या टेबलावर ठेवली. मोटर बंद. पाण्यावर गोल गोल लहरी, खटक, खटक, खटक, भिंतीपलीकडच्या मागाच्या तालावर. आम्ही अण्णांकडं गेलो, म्हणजे शेजारचे कारखानदार. भिंतीला लागून दोन माग, मिनिटाला साधारण १३० ठोके. सेकंदाला दोनच्या वर, हिशोब तंतोतंत. आणि दोन्ही मागांचा वेग किंचित वेगळा, त्यामुळं कधी दोघांचा ठोका एकावर एक पडायचा आणि पट्टे ठसठशीत, कधी एकाआड एक आणि पट्टे पुसट. अण्णा हसायला लागले, "मिस्त्री, आमचा टॉवेल तुमच्या लोखंडावर छापतोय का?"

काय केलं

मशीन त्या भिंतीपासून समोरच्या कोपऱ्यात नेलं. तिथली फरशी कापली, दीड फूट खोदून काँक्रीटचा वेगळा ठोकळा भरला, चारी बाजूंनी दोन इंच फट ठेवून ती वाळूनं भरली म्हणजे शेडच्या फरशीचा आणि ठोकळ्याचा संबंध तुटला, आणि मशीनखाली रबराचे पॅड. १४,००० गेले. वाटी परत ठेवली, लहर बारीक झाली पण गेली नाही. छटा सुद्धा तशाच, शोधल्या तर दिसतात. शेवटी मामानं कामच वाटून घेतलं. दिवसभर रफ घासणं, आणि शेवटचे दोन हलके कट संध्याकाळी आठला पाळी बदलते तेव्हा, माग वीस मिनिटं थांबतात त्या वेळात. अण्णा आता पाळी सुटली की भिंतीवर दोन थापा मारतात.

ह्याच दरम्यान दोन छोट्या गोष्टी झाल्या त्या पण सांगून टाकतो. बोअरचं पाणी जड, त्यात सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळून जॉब गार ठेवायचं तेल) आठ दिवसांत दह्यासारखं फाटलं आणि चकावर गंजाचे ठिपके आले. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, ते वापरायला मामी देईना, म्हणून आता आरओचा जार येतो. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही, ते पण तेव्हाच शिकलो. आणि मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी घासलेला १०० मिमीचा जॉब गरम असतानाच मोजला की सकाळी तो दहा-बारा मायक्रॉननं कमी भरायचा, कारण लोखंड दहा अंशाला तेवढं फुगतं आणि मामाचा मायक्रोमीटर मात्र डबीत गार. पश्चिमेच्या झरोक्यातनं मशीनच्या एकाच बाजूला ऊन यायचं तिथं सोलापुरी चादर टांगली. चादरीचा असाही उपयोग.

निकाल आणि हिशोब

मशीन ७२,०००, आणणं ६,५००, व्हीएफडी ९,५००, वाइंडिंग १,२००, व्हीलं २,७००, डायमंड १,१००, पाया १४,०००. एकूण १,०७,०००. नव्याच्या कोटेशनच्या निम्म्याच्या आत. बाहेर जाणारे पाच-सहा हजार थांबले, उलट आता दोन-तीन जण मामाकडं घासायला आणतात. चार मायक्रॉनमध्ये काम निघतं, दीडशे मिमीच्या आत.

काय वेगळं केलं असतं

मी मामाला हे विचारलं. त्याला वाटलं मी नवा घ्यायला पाहिजे होता का असं विचारतोय. तर नाही म्हणाला, नवा आणला असता तरी त्याच भिंतीला लावला असता, आणि मग दोन लाख अठरा हजारांच्या मशीनवर पट्टे बघत कंपनीवाल्याशी भांडत बसलो असतो. कंपनीवाला म्हणाला असता बेअरिंग ठीक आहे, आणि तो खरंच बोलत असता.

माझ्या मते मात्र क्रमच उलटा व्हायला पाहिजे होता. जानेवारीत पहिल्याच दिवशी शेडच्या चारी कोपऱ्यांत पाण्याची वाटी ठेवून बघितली असती तर फुकटात कळलं असतं की कुठला कोपरा चालेल, आणि पाया मशीन यायच्या आधी भरला असता, सातशे किलो दोनदा हलवायची वेळ आली नसती. लांब पट्टीचा तर विषयच नको, ती एक पट्टी खिशात असती तर किंमत साठच्या खाली आणता आली असती किंवा निदान डोळे उघडे ठेवून घेतलं असतं. मामा म्हणतो तरी पण घेतलंच असतं. घेतलंच असतं, पण कमी पैशात.

एका गोष्टीवर आमचं अजून जमत नाही. मला वाटतं स्क्रेपिंग करून टाकावं, ३५,००० घातले तरी नव्यापेक्षा स्वस्तच. मामा म्हणतो ज्या लांबीचं काम येतच नाही त्या लांबीसाठी पैसे कशाला.

आता नवीन बातमी अशी की अण्णा भिंतीकडचे दोन माग काढून रॅपियर (बिनधोट्याचा माग) टाकायचं म्हणतायत. त्याचा वेग जास्त, ठोका वेगळा, बरं होईल का वाईट ते मशीन चालू झाल्याशिवाय कळणार नाही. मामानं वाटी शेडमध्येच ठेवून घेतलीय, मामी रोज मागते.